मार्चमधलं कार्प फिशिंग: इंग्लंडमधल्या तळ्यावरचा पहिला दिवस

इंग्लंडमध्ये नवीन आलेल्या आपल्या बऱ्याच लोकांना तळ्याकाठी हिरव्या छत्रीखाली तासन् तास बसलेली माणसं बघून प्रश्न पडतो की हे नक्की करतात काय, आणि मग त्यातल्या काहींना स्वतःलाही करून बघावंसं वाटतं. हे त्यांच्यासाठी. जून-जुलैमध्ये कार्प मासा कोणालाही लागतो, डबाभर कॉर्न टाकला आणि गळ सोडला की झालं. मार्चचं तसं नाही, ऊन छान पडलेलं दिसतं, डॅफोडिल फुललेले असतात, आपल्याला वाटतं आला सीझन, पण पाणी अजून गारठलेलंच असतं आणि मासा अर्धवट जागा. त्यामुळे या महिन्यात मासा शोधायला भरपूर वेळ द्यायचा आणि त्याला खायला कमी द्यायचं. नवीन माणूस बरोब्बर उलटं करतो, आल्या आल्या जागा पकडतो आणि किलोभर बेट (म्हणजे माशाला टाकायचं आमिष) पाण्यात ओततो.

मासा घरी न्यायचा नाही

हे आधीच सांगून टाकतो कारण आपल्या मंडळींचा इथेच घोळ होतो. इथल्या तळ्यांमधला कार्प पकडायचा, बघायचा, फोटो काढायचा आणि परत सोडायचा. तो मासा तळ्याच्या मालकाचा असतो, न विचारता उचलला तर ती सरळ चोरी. एकेक मासा वीस-वीस वर्षं त्याच तळ्यात वाढलेला असतो, मोठ्यांना तर लोकांनी नावंसुद्धा दिलेली असतात. आपल्याकडे धरणातला सायप्रिनस म्हणून बाजारात मिळतो ना, तोच हा, रोहू-कटल्याच्या भावकीतला. त्यामुळे फोटो घरच्या ग्रुपवर टाकला की आईचा पहिला मेसेज "कालवण केलंस का रे?" हाच येणार, त्याची तयारी ठेवा.

लायसन्स आणि तळं

इंग्लंड आणि वेल्समध्ये 13 वर्षांच्या पुढच्या प्रत्येकाला रॉड लायसन्स लागतं. ते एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचं, सरकारी वेबसाइटवर दहा मिनिटांत निघतं, एका दिवसाचं, आठ दिवसांचं किंवा वर्षाचं. 13 ते 16 वयाच्या मुलांना ते फुकट आहे पण काढावं लागतंच. साध्या लायसन्सवर दोन रॉड चालतात, तिसऱ्याला जास्त पैसे, पण पहिल्या दिवशी दोनसुद्धा जास्तच होतात. लायसन्स नसताना सापडलात तर दंड 2,500 पौंडांपर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे "एकच दिवस तर जायचंय" असं म्हणून टाळू नका.

दुसरी गोष्ट, 15 मार्च ते 15 जून नद्यांवर बंदी असते, माशांचा विणीचा काळ म्हणून. बहुतेक तळ्यांना ही बंदी लागू नाही, पण काही संरक्षित तळ्यांना लागू असते, म्हणून फोन करून विचारून घ्या.

लायसन्स म्हणजे तळ्यावर बसायची परवानगी नाही बरं का. तळ्याचं डे टिकेट वेगळं. काही ठिकाणी ते ऑनलाइन बुक करावं लागतं, काही ठिकाणी बेलिफ दुपारी फेरी मारतो आणि पैसे घेतो. बेलिफ म्हटल्यावर आपल्याला कोर्ट आठवतं, पण हा तळ्याचा राखणदार, बहुतेक वेळा गप्पिष्ट असतो आणि गेल्या चार दिवसांत मासे कुठे लागले हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. त्याच्याशी नीट बोला.

तळं कुठलं निवडायचं? स्लाऊ, हाउन्स्लो, रेडिंग या पट्ट्यात आपली माणसं भरपूर आणि तळीसुद्धा भरपूर, कारण कोल्न आणि थेम्सच्या खोऱ्यात बांधकामासाठी खडी उपसून झालेले खड्डे पाण्याने भरले आणि त्यांचीच तळी झाली. पण त्यातली काही अवाढव्य आहेत, मासे मोठे आणि मोजके, तिथे मुरलेले लोक आठवडाभर बसून रिकाम्या हाताने घरी जातात. तुम्ही दोन-चार एकरांचं, भरपूर मासे सोडलेलं, पाच ते पंधरा पौंडांचे कार्प असलेलं डे टिकेट तळं शोधा. छोटं आणि उथळ तळं लवकर तापतं, मार्चमध्ये हा फायदा फार मोठा. चाळीस पौंडांच्या माशाचे फोटो असलेली वेबसाइट बघून भुलू नका.

सामान

रॉड 12 फुटी, पावणेतीन पौंड टेस्ट कर्व्हचा, दुकानात एवढंच सांगा, ते बरोबर देतात. रील फ्री-स्पूलवालं घ्या, म्हणजे मासा पळाला की लाइन मोकळी सुटते आणि रॉड पाण्यात ओढला जात नाही. 15 पौंड वजनाचा ताण झेलणारी मोनो (साधी नायलॉनची) लाइन. दोन रॉड ठेवायला बँकस्टिक, त्यावर बाइट अलार्म (माशाने लाइन ओढली की वाजणारा) आणि लाइनवर खाली लटकणारा बॉबिन. अलार्म महागातला नको, ओरडला म्हणजे झालं.

पैसे वाचवायचे तर रॉडमध्ये वाचवा, माशाच्या सामानात नको. 42 इंची लँडिंग नेट, जाड गादीची अनहूकिंग मॅट (कडा उंच असलेली असेल तर उत्तम), वजन करायची झोळी, आर्टरी फोर्सेप आणि जखमेवर लावायचं माशांचं अँटिसेप्टिक. मॅट आणि मोठं नेट नसेल तर बऱ्याच तळ्यांवर बसूच देत नाहीत, आणि बरोबरच आहे.

स्वतःसाठी: मार्चच्या उन्हाला फसायचं नाही. सकाळी दोन-तीन डिग्री असतं आणि तुम्ही हलत नाही, नुसते बसलेले असता, गारवा जमिनीतून पायात चढतो. दोन जोड मोजे, वॉटरप्रूफ बूट, थर्मॉसमध्ये चहा. डब्याला थालीपीठ सगळ्यात बेस्ट, गार झालं तरी खाता येतं आणि एका हाताने खाता येतं.

बेट: किती कमी म्हणजे कमी?

कार्पला जठर नसतं, नुसतं लांब आतडं, आणि दात घशात असतात. त्याचं शरीर पाण्याच्या तापमानावर चालतं, पाणी गार असलं की पचन अगदी मंद. साधारण 8 डिग्रीच्या खाली तो फारसा हलत नाही, 10 च्या वर गेलं की खायला लागतो. मार्चमध्ये पाणी या दोन आकड्यांच्या मधेच कुठेतरी घुटमळत असतं. निर्जळी उपास सोडताना आपण जसं मऊ भाताने सुरू करतो, थेट मिसळपाव नाही, तसंच त्याचं. तेलकट पेलेट (माशांच्या खाद्याच्या गोळ्या) आता नकोत, गार पाण्यात ते तेल त्याला पचत नाही.

मग काय न्यायचं? सुपरमार्केटमधला स्वीट कॉर्नचा एक डबा, 12 मिलिमीटरचे गुलाबी किंवा पिवळे पॉप-अप (हे पाण्यात तरंगणारे बॉइली, म्हणजे पीठ मळून उकडलेल्या आमिषाच्या गोळ्या) आणि जमलं तर मॅगट म्हणजे अळ्या. गारठ्यात अळ्यांसारखं बेट नाही, वळवळतात, मऊ असतात, पटकन पचतात. फक्त स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये त्यांचा डबा ठेवू नका, घरात महाभारत होईल. गॅरेजमध्ये ठेवा, उबेत राहिल्या तर कोश होऊन माश्या बाहेर पडतात.

आणि एक आपल्या किचनमधलं: काबुली चणे. भिजवून, मऊ उकडून घेतलेले, किंवा सरळ डब्यातले. इंग्रज लोक फार पूर्वीपासून वापरतात आणि आजकाल विसरलेत, त्यामुळे माशांनाही ते संशयास्पद वाटत नाहीत. पण कच्चे किंवा अर्धवट शिजलेले दाणे पाण्यात टाकायचे नाहीत, पोटात फुगून मासा मरू शकतो. शेंगदाण्यांवर तर बऱ्याच तळ्यांवर बंदीच आहे, नियम वाचा.

प्रमाण म्हणाल तर पूर्ण दिवसाला एका रॉडसाठी दोन मुठी. बस. पाण्यात टाकलेलं परत काढता येत नाही, पण वाटलं तर नंतर अजून टाकता येतं.

किती वाजता जायचं

चांगली बातमी, पहाटे चारला उठायची गरज नाही. उन्हाळ्यात पहाट महत्त्वाची, मार्चमध्ये पहाटेचं पाणी दिवसातलं सगळ्यात गार असतं. खरा टाइम दुपारी बारा ते पाच. तरीही गेट उघडतानाच म्हणजे साधारण सातला पोचा, मासेमारी करायला नाही, बघायला. महिन्याच्या मध्याला लंडनच्या बाजूला संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डे टिकेट बहुतेक ठिकाणी अंधार पडेपर्यंतच असतं. शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात, मग संध्याकाळ जरा लांबते.

दिवस निवडता आला तर असा निवडा: दोन-तीन दिवस सलग ऊन किंवा ढगाळ पण उबदार हवा, वारा नैऋत्येचा. रात्री कडक दव गोठून सकाळी लख्ख ऊन, पूर्वेचा बोचरा वारा, असा दिवस फोटोला छान, माशाला बेकार.

मासा शोधणे

सामान गाडीतच ठेवा. हे सगळ्यात अवघड आहे, माहितीये, हात शिवशिवतात, पण ट्रॉली घेऊन आलात की पहिल्याच रिकाम्या जागी बसणार आणि मग उठणार नाही. फक्त पोलराइज्ड गॉगल आणि चहा घेऊन अख्ख्या तळ्याला एक चक्कर मारा, सावकाश, पाय न आपटता, कारण काठावरची धडधड पाण्यात लगेच पोचते.

काय बघायचं: उत्तरेकडचा काठ आधी. सूर्य दक्षिणेकडून येतो, त्यामुळे उत्तर काठावर दिवसभर ऊन पडतं आणि मागे झाडी असेल तर गार उत्तरी वाराही अडतो. तिथे पाणी दोन-तीन फूट खोल असेल, जुने वाळलेले बोरू उभे असतील, तर दुपारपर्यंत मासे तिकडे सरकतात. गार पाण्यात अर्धा-एक डिग्रीचा फरकसुद्धा त्यांना कळतो. दहा पौंडांचा तळ्याचा थर्मामीटर दोरीला बांधून दोन-तीन ठिकाणी बुडवून बघा, आकडे बघून तुम्हालाच आश्चर्य वाटेल.

मग बोरूकडे नीट बघत उभे राहा. नुसतं पाच मिनिटं नाही, वीस मिनिटं. वारा नसताना एखादीच काडी हलली, थरथरली, थांबली, परत शेजारची हलली, तर खाली काहीतरी अंग घासत चाललंय. पाण्यावर बारीक बुडबुड्यांची रांग सरकत असेल तर कोणीतरी गाळ उकरतंय. एखादा कार्प पूर्ण बाहेर उडी मारून धप्पकन पडला तर प्रश्नच मिटला, तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. कूट म्हणजे आपले वारकरी पक्षी एकाच जागी सारखी बुडी मारत असतील तर तिथे कोणीतरी बेट टाकलेलं असण्याची शक्यता आहे, तेवढंच, त्यावर फार विसंबू नका.

काहीच दिसलं नाही तर? उत्तर काठाजवळची उथळ जागा पकडा जिच्या शेजारीच खोल पाणी आहे. रात्री मासे खोलात असतात, दुपारी वर येतात, तुम्ही त्यांच्या रस्त्यावर बसा.

कोणी आधीच बसलेलं असेल तर त्याच्यापासून लांब बसा आणि त्याच्या समोरच्या पाण्यात गळ टाकू नका, प्रत्येकाचं पाणी आपापल्या जागेसमोरचं, हा न लिहिलेला नियम. गुड मॉर्निंग म्हणा, काही लागलं का विचारा. दहातले आठ जण खरं सांगतात.

हेअर रिग बांधायचा कसा

कार्पला गळ थेट बेटात खुपसून देत नाहीत. बेट गळाच्या बाहेर एका केसासारख्या धाग्यावर लटकतं आणि गळ मोकळा राहतो. ही आयडिया 1980 च्या आसपास लेनी मिडलटन आणि केविन मॅडॉक्स या दोन इंग्रज कार्प पकडणाऱ्यांनी पुढे आणली आणि त्यानंतर कार्प पकडणं पूर्णच बदललं. मासा बेट चोखून आत घेतो, न आवडल्यामुळे फुंकून बाहेर टाकायला जातो आणि तेव्हा मोकळा गळ खालच्या ओठात टोचतो, जड शिशाचा झटका बसतो आणि तो पळतो.

तयार रिग दुकानात मिळतात, पण घरी टीव्हीसमोर बसून पाच-सहा बांधा, सोपं आहे. दहा इंच वेणीचा धागा घ्या. एका टोकाला अगदी बारीक फासा करा. बेटाच्या सुईने कॉर्नचे दोन दाणे किंवा एक चणा फाशावर ओढून घ्या आणि फाशात छोटा प्लास्टिक स्टॉपर अडकवा. आता दुसरं टोक 8 नंबरच्या हुकाच्या भोकातून मागच्या बाजूने पुढे काढा, बेट हुकाच्या वळणाखाली सेंटीमीटरभर लोंबेल एवढं ओढा. ते अंतर बोटाने दाबून धरा आणि लांब टोकाने दांड्याभोवती वरून खाली सात-आठ वेढे घाला, एकाला एक चिकटून. मग तेच टोक परत भोकातून, पुन्हा मागच्याच बाजूने, पुढे काढा, थुंकीने ओलं करा आणि ओढून घट्ट करा. झाली गाठ. कोरडी ओढली तर धागा जळतो. बऱ्याच तळ्यांवर बिनकाट्याचा हुकच लागतो, तो घ्या, काढायलाही सोपा.

शिसं अडीच-तीन औंसाचं, आणि ते लेड क्लिपवर लावा, म्हणजे कुठे अडकलं तर शिसं सुटून पडेल आणि मासा ते ओढत फिरणार नाही. सुटतं का ते घरी हाताने ओढून बघा, यात तडजोड नाही.

दुसरा रॉड असेल आणि पाणी सहा फुटांच्या आत असेल तर त्यावर झिग लावा. झिग म्हणजे हूकलिंक (शिसं आणि हुक यांच्यामधला धागा) लांबच्या लांब, आणि हुकावर काळ्या किंवा पिवळ्या फोमचा तुकडा, तो तरंगतो, म्हणजे गळ तळावर नाही तर मधल्या पाण्यात उभा राहतो. दोन-तीन उबदार दिवसांनंतर वरचं पाणी आधी तापतं आणि मासे तिथेच नुसते तरंगत असतात, खाली टाकलेल्या बेटाकडे ढुंकूनही बघत नाहीत. पाच फूट पाण्यात साडेतीन फुटांच्या हूकलिंकने सुरुवात करा, तासाभरात काही झालं नाही तर अर्धा-एक फूट कमी-जास्त करून बघा. फेकताना गुंता होतो, म्हणून आधी पार्कात नुसतं शिसं लावून फेकायची प्रॅक्टिस केलेली बरी.

टाकणे आणि थांबणे

आधी नुसतं शिसं टाका, लाइन बोटावर ताणून धरा. टक् असा ठोका जाणवला तर तळ कडक, खडीचा. काहीच न कळता मऊ बसलं तर गाळ. कडक जागा मिळाली तर कॉर्न किंवा चणा, गाळ असेल तर हुकावर पॉप-अप. समोरच्या काठावरचं एखादं झाड लक्षात ठेवा आणि लाइन रीलच्या क्लिपला अडकवा, म्हणजे दर वेळी तेवढ्याच अंतरावर पडतं. टाकून झालं की क्लिपमधून लाइन काढायला विसरू नका, नाहीतर मासा पळाला की लाइन तुटलीच.

गळाभोवती दहा-पंधरा दाणे, मूठभर अळ्या, बाकी काही नाही. रॉड स्टँडवर, रीलची फ्री-स्पूल ऑन, बॉबिन लावला, आणि मग हात लावायचा नाही. नवीन माणूस दर वीस मिनिटांनी ओढून बघतो, प्रत्येक धप्पला मासे लांब पळतात. गळ तसाच राहू द्या पण डोळे पाण्यावर ठेवा, मोबाइलवर नको. दुसरीकडे मासा उडाला, पाण्यात काही हललं, तर मात्र लगेच तिकडे टाका, आणि दुपारी दोनपर्यंत काहीच हालचाल नाही तर जागा बदला. सामान उचलायचा कंटाळा हेच मार्चमध्ये रिकाम्या हाताने घरी जायचं मुख्य कारण.

अलार्म एकदाच टिक् झाला तर बसून राहा, मासा लाइनला घासून गेला असेल. सलग किंचाळला तर पळा. बॉबिन एकदम खाली पडला तर मासा तुमच्याकडेच पोहत येतोय, पटापट गुंडाळा. रॉड सोडून दुसऱ्याशी गप्पा मारायला कधीच लांब जायचं नाही.

हा अलार्म लोकांना आळशीपणा वाटतो, पण रिचर्ड वॉकर या नावाजलेल्या इंग्रज मासेमाराने 13 सप्टेंबर 1952 ला हेरफर्डशरमधल्या रेडमायर तळ्यात 44 पौंडांचा कार्प पकडला तेव्हाही त्याच्याकडे स्वतः बनवलेला इलेक्ट्रिक अलार्म होता. तो मासा नंतर लंडन झूमध्ये ठेवला होता, क्लॅरिसा नावाने.

मासा लागल्यावर

झटका द्यायचा नाही. रॉड उचला, फ्री-स्पूल बंद, वाक आला की मासा आहेच. रीलचा क्लच (लाइन किती जोराला सुटेल ते ठरवणारा) एवढा ढिला की त्याने जोर केला तर लाइन सुटेल. रॉड उंच, लाइन सतत ताणलेली, आणि बोरूत किंवा पडलेल्या फांदीत घुसायला लागला तर रॉड आडवा करून बाजूने ओढा. गार पाण्यातला मासा उन्हाळ्यासारखा भांडत नाही, पण काठाजवळ आल्यावर शेवटची एक धाव मारतोच, तिथेच बरेच सुटतात.

नेट आधीच ओलं करून पाण्यात बुडवून ठेवा. मासा नेटवर ओढून आणायचा, नेटने त्याच्या मागे धावायचं नाही. आत आला की तसाच पाण्यात मिनिटभर राहू द्या, दोघांचाही श्वास जागेवर येतो. तेवढ्यात मॅट भिजवा, तळ्याचं पाणी बादलीत भरून शेजारी ठेवा, कॅमेरा कोणाच्या तरी हातात द्या, झोळी ओली करून वजनकाटा शून्यावर आणा. मग उचला. कोरड्या हाताने, कोरड्या मॅटवर मासा ठेवायचा नाही, त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं संरक्षण. हुक फोर्सेपने काढा, जखमेवर औषधाचा थेंब, डोळ्यावर ओलं कापड टाकलं की तो शांत पडतो.

फोटोला गुडघ्यावर बसा, मासा मॅटच्या अगदी वर धरा, एक हात डोक्याखाली, दुसरा शेपटीच्या अलीकडच्या पराजवळ. वळवळला तर छातीशी घ्या किंवा मॅटवर खाली ठेवा. उभं राहून मासा धरणाऱ्याला इथे शिव्या बसतात. सोडताना झोळीतूनच पाण्यात न्या, सरळ धरा, स्वतःहून निघेपर्यंत.

निघताना

तुटलेली लाइन, कॉर्नचा डबा, सगळं परत न्या, हंसांच्या पायात लाइनचे गुंते अडकतात. उरलेलं बेट पाण्यात ओतू नका, उद्या येणाऱ्याचा दिवस खराब होतो. आणि नेट, मॅट, झोळी घरी आल्यावर पूर्ण वाळवा, दुसऱ्या तळ्यावर नेण्याआधी तर नक्कीच, कारण कोई हर्पिस नावाचा व्हायरस ओल्या सामानातूनही पसरतो आणि अख्खं तळं मारू शकतो. काही तळ्यांवर गेटपाशीच औषधाची टाकी असते, त्यात नेट बुडवल्याशिवाय आत सोडत नाहीत. वाळवायचं मात्र बाहेर दोरीवर, बाथरूममध्ये टांगलंत तर तो वास टॉवेलांना लागतो आणि पुढच्या शनिवारची परमिशन मिळणं अवघड जातं.